उन्हाळ्याचे पाणी आणि समुद्राचे मीठ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या परिसरातील दोन पिढ्यांना विज्ञान शिकविले. पुस्तकातील नियम गावाच्या विहिरीवर लागू करून पाहावा, असा त्यांचा आग्रह असे. तो मनाशी धरून मी आजचा विषय निवडला आहे. विषय पाण्याचा आहे. मात्र आपल्या विहिरींच्या गोड पाण्याचा नाही, तर सह्याद्रीच्या पायथ्याशी जमिनीतून आपसुक ऊन होऊन वर येणाऱ्या पाण्याचा आणि त्यात समुद्राचा वाटा किती, या प्रश्नाचा आहे.

हिंडलग्याहून समुद्र तसा दूर नाही. आपल्या दारावरून जाणारा वेंगुर्ला रस्ता आंबोलीचा घाट उतरून थेट बंदरापर्यंत पोहोचतो. बेळगावची बाजारपेठ आणि वेंगुर्ल्याचे बंदर यांचा व्यापार एके काळी याच वाटेने चाले. मिठागरांचे शिरोडे, जेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेही त्याच किनाऱ्यावर आहे. घाटमाथ्यावरचे आपण लोक समुद्राला मिठावरून ओळखतो. तेच मीठ डोंगराच्या पायथ्याच्या गरम झऱ्यात सापडले, तर ते तेथे कसे पोहोचले असेल?

प्रथम झऱ्यांची ओळख करून घेऊ. उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील सुमारे तीनशे किलोमीटरांच्या चिंचोळ्या पट्ट्यात गरम झऱ्यांचे अठराच्या आसपास समूह आहेत. तानसा नदीकाठचे वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाड तालुक्यातील सव, दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ आणि राजवाडी, आणि राजापूरजवळचे उन्हाळे ही त्यांतील ठळक नावे. यातील तीन नावांत 'ऊन' हा शब्द दडलेला आहे, तो सूर्याच्या उन्हाचा नव्हे. संस्कृत 'उष्ण' या शब्दापासून आलेला 'ऊन' म्हणजे गरम. गरम झऱ्याला कोकणात 'उन्हाळे' म्हणण्याची जुनी रीत आहे. ज्यांनी ही गावे वसविली त्यांनी भूगोलाची नोंद नावातच करून ठेवली. छापील नोंद पुष्कळ नंतरची: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे टॉमस ओल्डहॅम यांनी तयार केलेली भारतातील सुमारे तीनशे उष्ण झऱ्यांची यादी १८८२ साली प्रसिद्ध झाली.

या झऱ्यांचे तापमान सारखे नाही. काही ठिकाणी ते जेमतेम ३५ अंश सेल्सियस, म्हणजे अंगाला कोमट लागेल इतके. तुरळला साठीच्या घरात, आणि उन्हवऱ्याला सत्तर अंशांच्या आसपास. तुरळ आणि आरवली ही ठिकाणे मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच असल्यामुळे तेथे वाटसरू नेहमी थांबतात. निपाणीहून राधानगरी, दाजीपूर करीत फोंडाघाट उतरले आणि उत्तरेस वळले, तर राजापूर ओलांडून आपणही तेथे पोहोचतो.

या पाण्याविषयी दोन समजुती फार पसरलेल्या आहेत आणि दोन्ही टिकत नाहीत. पहिली अशी की, सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बनलेला असल्याने त्याची उष्णता अजून खाली शिल्लक आहे. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. इतक्या काळात तो कधीच निवून गेला. दुसरी समजूत गंधकाची: खाली गंधक जळत असल्याने पाणी तापते. काही कुंडांवर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, त्यावरून ती पडली असावी. परंतु तो वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा आहे. तो पाण्यातील सल्फेटापासून, बहुधा जिवाणूंच्या करणीने, तयार होतो आणि अत्यल्प असला तरी नाकाला कळतो.

खरे कारण साधे आहे. पृथ्वीच्या पोटात जावे तसे दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढते. पावसाचे पाणी खडकाच्या खोल भेगांतून दोन-तीन किलोमीटर खाली गेले, तर ते तापणारच. आणि वर येण्यास दुसरी भेग मिळाली, तर निवण्यापूर्वी पृष्ठभागावर पोहोचणारच. कोकणची किनारपट्टी अशा लांबच लांब भेगांनी चिरलेली आहे. गरम झरे एका ओळीत मांडल्यासारखे दिसतात, ते त्यामुळेच.

आता पाण्याच्या चवीकडे वळू. तुरळचे पाणी बाटलीत भरून आणून मी शाळेच्या प्रयोगशाळेत तपासले आहे. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की पांढरा दाट साका बसतो. आपल्या विहिरीच्या पाण्याला तोच थेंब केवळ किंचित दुधाळपणा आणतो. साका क्लोराइडाचा असतो, आणि क्लोराइड म्हणजे मिठाचा अर्धा भाग. कोकणातील बहुतेक गरम झऱ्यांत ते लिटरमागे काही शेकडे मिलिग्रॅम इतके आढळते.

हे क्लोराइड आले कोठून? काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, क्लोराइड नगण्य असते. पावसाच्या पाण्यात समुद्रतुषारांबरोबर उडालेले मीठ असते खरे, पण ते लिटरमागे काही मिलिग्रॅम. बाष्पीभवनाने ते दुप्पट-तिप्पट झाले तरी शेकड्यांत जात नाही. कोकणात सैंधवाच्या खाणी नाहीत. मग संशय सहजच समुद्रावर जातो. क्लोराइड हा पाण्यातील सर्वांत अलिप्त घटक आहे: तो खडकाशी व्यवहार करीत नाही, मातीला चिकटत नाही, सहजासहजी साक्यात बसत नाही. जेथून निघाला तेथली ओळख तो शेवटपर्यंत जपतो. म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ पाण्याचा मूळ पुरुष शोधताना प्रथम क्लोराइड मोजतात, आणि त्याच्या जोडीला ब्रोमाइड. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड हे ब्रोमाइडाच्या सुमारे २९० पट असते. खाणीतील मीठ विरघळून आलेले असेल, तर हे प्रमाण कित्येक हजारांवर जाते.

येथे थोडे गणित करू. गुरुजींनी ते केल्याशिवाय पुढे जाऊ दिले नसते. एक किलो समुद्रजलात साधारणपणे १९,३५० मिलिग्रॅम क्लोराइड, १०,७८० सोडियम, २,७१० सल्फेट, १,२९० मॅग्नेशियम, ४१० कॅल्शियम आणि ४०० पोटॅशियम असते. समजा, एखाद्या झऱ्यात शंभरातले पाच भाग समुद्रजल व उरलेले पंचाण्णव भाग पावसाचे पाणी आहे. तर मिश्रणात क्लोराइड ९७० च्या आसपास, सोडियम ५४०, सल्फेट १३६, मॅग्नेशियम ६४ आणि कॅल्शियम केवळ २० मिलिग्रॅम यावे. म्हणजे मॅग्नेशियम हे कॅल्शियमच्या तिप्पट असले पाहिजे.

प्रत्यक्षात कोकणातील उन्हाळ्यांत चित्र नेमके उलटे दिसते. कॅल्शियम भरपूर आणि मॅग्नेशियम जवळजवळ नाहीसे. हे शाळेतही पाहता येते. पाण्याची एकूण कठीणता एकदा मोजावी आणि केवळ कॅल्शियमची एकदा. दोहोंतील फरक तो मॅग्नेशियमचा. तुरळच्या पाण्यात हा फरक शोधूनही हाती फारसा लागत नाही. सोडियमही क्लोराइडाच्या मानाने अपेक्षेपेक्षा कमी भरते. मग समुद्रावरचा संशय चुकीचा म्हणायचा काय?

नाही. पाणी समुद्राचे असेल, पण ते वाटेत तापलेले आहे, आणि तापलेल्या खडकाने त्याच्याकडून काही घेतले व काही दिले आहे. हा देण्याघेण्याचा व्यवहारच माझ्या विषयाचा गाभा आहे.

तापलेले समुद्रजल बेसाल्टमध्ये शिरले की पहिला बळी मॅग्नेशियमचा जातो. पाण्याच्या रेणूतील हायड्रॉक्सिल गट बरोबर घेऊन मॅग्नेशियम खडकात चिकणमातीच्या जातीची खनिजे बनविते आणि तेथेच अडकून बसते. हायड्रॉक्सिल निघून गेल्याने मागे हायड्रोजन आयन उरतात, पाणी आम्लधर्मी होते, आणि ते आम्ल खडकातील फेल्डस्पार विरघळवू लागते. फेल्डस्पारमधून कॅल्शियम सुटते. त्याची रिकामी जागा सोडियम घेते. म्हणून पाण्यात कॅल्शियम वाढते व सोडियम घटते. खडकाचे पोटॅशियम आणि सिलिका यांचीही भर पडते. सल्फेटाची गंमत निराळी आहे. साखर किंवा सोरा गरम पाण्यात अधिक विरघळतो, पण कॅल्शियम सल्फेटाचे उलटे: पाणी जितके अधिक तापेल तितके ते कमी विरघळते. घरच्या बंबाच्या आतून पांढरी खपली बसते, तिच्यातील चुन्याचा स्वभावही असाच आहे. सुमारे दीडशे अंशांच्या पुढे तापलेल्या समुद्रजलातून सल्फेट भराभर साक्यात बसते. क्लोराइड मात्र या सगळ्या घडामोडीत जसेच्या तसे राहते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेतील बिशॉफ आणि डिक्सन या संशोधकांनी समुद्रजल व बेसाल्ट यांचे मिश्रण २०० अंश तापमान आणि ५०० बार दाबाखाली दीर्घ काळ ठेवून हा बदल पाहिला व १९७५ साली प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, गॅलापागोस बेटांजवळ समुद्राच्या तळाशी 'अल्विन' या पाणबुडीतील शास्त्रज्ञांना उष्ण झरे प्रत्यक्ष दिसले. निसर्ग तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करीत होता.

जमिनीवरचे उत्तम उदाहरण आइसलँडचे. त्या बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला रेक्यानेस नावाचे भूऔष्णिक क्षेत्र आहे. तेथील खोल विहिरींतून येणाऱ्या पाण्यात क्लोराइड जवळजवळ समुद्राइतकेच आहे. मॅग्नेशियम मात्र नावापुरते, सल्फेट अगदी थोडे, आणि कॅल्शियम, पोटॅशियम व सिलिका वाढलेले. शेजारच्या स्वार्त्सेंगी येथे समुद्रजल दोन तृतीयांश व गोडे पाणी एक तृतीयांश असे मिश्रण सुमारे २४० अंशांवर तापलेले आहे. तेथील वीजघरातून १९७६ पासून बाहेर पडलेल्या सिलिकायुक्त पाण्याचे निळसर तळे साचले, ते आज जगभरच्या प्रवाशांचे आकर्षण झाले आहे. खडक तोच, बेसाल्ट, समुद्रही जवळ. कोकणात उष्णता तितकी नाही, म्हणून सल्फेटाचा ऱ्हास आपल्याकडे तेवढा दिसत नाही. पण मॅग्नेशियमने जाणे आणि कॅल्शियमने येणे, हे दोन्ही दिसते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात तिच्याकडे दुर्लक्ष होते. पाण्यात क्लोराइडाबरोबर कॅल्शियम वाढलेले दिसले, की लगेच 'खोल, तप्त खडकाची करणी' असे म्हणता येत नाही. किनाऱ्यावरच्या थंड विहिरीत खारे पाणी शिरते तेव्हाही मातीच्या कणांना चिकटलेले कॅल्शियम सुटते आणि त्याची जागा सोडियम घेते. परंतु तेथे मॅग्नेशियम असे नाहीसे होत नाही. ते हरवले आहे काय, हाच खरा प्रश्न. पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असेल, तर समुद्र वरच्या वर मिसळला. ते नसेल, तर मीठ खालून तापून आले.

समुद्र डोंगराच्या पायथ्यापर्यंत येईल कसा, ही शंका घाटावरच्या माणसाला येणे साहजिक आहे. कोकणचा किनारा मात्र सरळ रेषेचा नाही. वाशिष्ठीच्या खाडीत भरतीचे पाणी चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत चढते. विजयदुर्गच्या खाडीतून गलबते खारेपाटणला, आणि राजापूरच्या खाडीतून राजापूरला जात, म्हणून तर ती गावे पेठा झाली. म्हणजे समुद्र दिवसातून दोनदा आत येऊन जातो. शिवाय भूमीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. खारे पाणी अडीच टक्के जड, यामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरांपर्यंतच ते गोडे सापडते. हा हिशेब डचांच्या बाडोन गायबेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी १९०१ साली स्वतंत्रपणे मांडला. त्यातच समुद्राची पातळी कायम नव्हती हे जोडा: सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी ती आजच्यापेक्षा १२० मीटरांच्या आसपास खाली होती आणि नंतर चढली. त्या चढउतारात खडकाच्या फटींत अडकलेले जुने समुद्रजल हेही मिठाचे उगमस्थान असू शकते.

मीठ समुद्राचे, तरी पाणी मात्र बहुतांशी पावसाचेच आहे. हे समस्थानिकांवरून कळते. पाण्याच्या रेणूतील जड हायड्रोजन व जड ऑक्सिजन यांची प्रमाणे पावसाच्या पाण्यात परस्परांशी ठरावीक नात्याने बांधलेली असतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरील झऱ्यांचा असा अभ्यास केला आहे, आणि इटलीच्या मिनिसाले यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डी. चंद्रशेखरम् आदींच्या सहकार्याने केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष पावसाकडेच बोट दाखवितो. त्या दुसऱ्या अभ्यासात झऱ्यांतून बुडबुड्यांवाटे येणारे वायूही तपासले गेले. ते मुख्यतः नायट्रोजन असून त्यांत हेलियम लक्षणीय आहे. हेलियम युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून निर्माण होते, आणि ती मूलद्रव्ये बेसाल्टपेक्षा ग्रॅनाइटात अधिक. यावरून पाणी काळ्या पाषाणाचा थर ओलांडून त्याखालच्या अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडकापर्यंत जाऊन येते, असे त्यांनी मांडले. म्हणजे शंभर लिटर पाण्यात समुद्र दोन-चार लिटरच. पण चवीवर आणि क्षारांच्या हिशेबावर सत्ता त्याची.

हे सगळे जाणून करायचे काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. या थोड्याशा समुद्रावर लाखो-कोटी रुपयांचे निर्णय अवलंबून आहेत. भूगर्भातील उष्णतेवर वीज निर्माण करावयाची, तर खाली किती तापमान आहे ते कळावयास हवे. खोल विहीर खोदणे अतिशय खर्चाचे, म्हणून आधी झऱ्याच्या पाण्यालाच तापमापक करतात. सिलिका उष्ण पाण्यात अधिक विरघळते. पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम सिलिका असेल, तर क्वार्ट्झच्या सूत्राने खालचे तापमान सुमारे १३७ अंश निघते. हेच पाणी वर येताना निम्मे थंड पाणी मिसळून ५० मिलिग्रॅमवर आले, तर सूत्र १०२ अंश सांगते. दुसरे सूत्र सोडियम व पोटॅशियम यांच्या गुणोत्तराचे. ते फूर्निए यांनी १९७९ साली दिले. आता त्या सूत्रात वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचे साधे समुद्राचे पाणी घालून पाहा. सोडियम १०,७८०, पोटॅशियम ४००, गुणोत्तर २७, आणि उत्तर येते सुमारे १४५ अंश. ज्या पाण्यात मुले डुंबतात, ते सूत्राच्या मते उकळत्या पाण्याहून तापलेल्या खडकातून आलेले! सूत्राचा त्यात दोष नाही. खडकाशी समतोल साधलेल्या पाण्यासाठी ते आहे, समुद्रासाठी नाही. न तापलेले समुद्रजल झऱ्यात मिसळले असेल आणि ते वजा न करता कोणी आकडा जाहीर केला, तर तो आकडा झऱ्याचा नसून समुद्राचा असतो. म्हणून १९८८ साली गिगेनबाख यांनी सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा त्रिकोण सुचविला. मॅग्नेशियम अधिक असलेले पाणी त्या त्रिकोणात आपोआप 'अपरिपक्व' म्हणून बाजूला पडते. वृत्तपत्रांतून कोकणच्या भूऔष्णिक विजेचे मोठमोठे आकडे अधूनमधून येत असतात. ते वाचताना मॅग्नेशियम किती होते, हे मी प्रथम शोधतो. बहुधा तो आकडा छापलेला नसतो.

दुसरा प्रश्न कुंडावर येणाऱ्या माणसांचा. त्वचारोगासाठी, सांधेदुखीसाठी लोक या पाण्यात स्नान करतात. गरम पाण्याने सांध्यांना आराम पडतो हे खरे, आणि त्या श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु काहीजण ते औषध म्हणून बाटल्यांत भरून नेतात व दिवसेंदिवस पितात. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा उपायच नसल्यास १,००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. फ्लोराइडाची मर्यादा १ आणि फार तर १.५ मिलिग्रॅम. ग्रॅनाइटी खडकातून तापून आलेल्या पाण्यात फ्लोराइड वाढण्याचा धोका नेहमीच असतो, आणि ते चवीला कळत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने व लहान मुलांनी असे पाणी तपासल्याविना पिऊ नये.

आपल्याला सर्वांत जवळचा झरा राजापूरजवळच्या उन्हाळे गावचा. तो या पट्ट्याच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. त्याचे पाणी तुरळइतके तापलेले नाही. आणि क्षारांच्या बाबतीत तो उत्तरेकडील भावंडांहून वेगळाच निघतो. त्यात क्लोराइड थोडे व बायकार्बोनेटाचा भाग मोठा. राजापूरची खाडी जवळ, भरतीचे पाणी जवळ, तरी झऱ्यात समुद्र नाही. उलट तुरळ किनाऱ्यापासून अधिक आत, आणि त्यात समुद्र आहे. अंतर मोजून याचे उत्तर मिळत नाही. कोणती भेग कोठून पाणी ओढते आणि किती खोल जाते, त्यावर ते ठरते. शाळेची सहल यंदा कोकणात जाणार असेल, तर दोन स्वच्छ बाटल्या बरोबर न्याव्यात, एक तुरळसाठी आणि एक उन्हाळ्यासाठी. बाटली झऱ्याच्या तोंडाशीच तीनदा विसळून काठोकाठ भरावी, बूच घट्ट लावावे आणि तापमान जागेवरच लिहून ठेवावे. सिल्व्हर नायट्रेट आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे.